दोन भाषांच्या पाट्या

विलायतेची सहल म्हटली की लंडनचे पूल, राजवाडे आणि संग्रहालये डोळ्यांसमोर येतात. परंतु त्याच बेटांवर वेल्स, आयर्लंड व स्कॉटलंड हे तीन देश आहेत. त्यांच्या मूळ भाषा इंग्रजीहून अगदी निराळ्या, केल्टिक कुळातल्या. गेल्या उन्हाळ्यात आम्ही बसच्या सहलीने हे तिन्ही देश पाहिले. इंदूरसारख्या हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घर चालवणाऱ्या आम्हांला तेथील गढ्या-किल्ल्यांपेक्षा रस्त्यांवरच्या पाट्याच अधिक बोलक्या वाटल्या.

आम्ही पाच जण होतो: आम्ही उभयता, ती. आई आणि दोन मुले. बसमध्ये चाळीसएक प्रवासी. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलियातले लोक जास्त, भारतीय कुटुंब आमचे एकटेच. सकाळी सातच्या आत सामान खोलीच्या दाराबाहेर, आठला बस सुरू. खिडकी सर्वांना मिळावी म्हणून जागा रोज बदलायच्या. आईंच्या पिशवीत मेतकूट आणि डिंकाचे लाडू होते. तिसऱ्या दिवसापासून ऑस्ट्रेलियन आजीबाईही लाडवाच्या वाटेकरी झाल्या.

वेल्समध्ये शिरताच प्रत्येक पाटी दोन भाषांत दिसू लागली. रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘अराव’ लिहिलेले असे, म्हणजे ‘सावकाश’. चिरंजीवांनी हा शब्द पहिल्याच दिवशी उचलला आणि किल्ल्याचा जिना चढणाऱ्या आजीला तो पदोपदी ‘अराव, अराव’ म्हणू लागला. ‘वेल्स’ हे नाव ज्या जुन्या शब्दावरून आले त्याचा अर्थ ‘परके’. ते दिले शेजाऱ्यांनी. तेथील लोक आपल्या देशाला ‘कम्री’ म्हणतात, त्याचे मूळ ‘एका देशाचे सोबती’ या अर्थाच्या शब्दात आहे. अँगलसी बेटावर एक ५८ अक्षरी नावाचे गाव लागते. पाहुणे यावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात हे नाव मुद्दाम लांबवले गेले. पांढऱ्या हेझलच्या खळग्याजवळचे मेरीचे देऊळ, अशी त्याची सुरुवात आहे. अर्थ ऐकून आई म्हणाल्या, “हे नाव कुठलं? हा तर पोस्टाचा पत्ता!”

आमचे मार्गदर्शक स्वतः वेल्सचे. एका दुपारी पावसामुळे खाली उतरता येईना, तेव्हा त्यांनी जुन्या शाळांची हकीकत सांगितली. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांतून, वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवीत. दुसरा कोणी बोलताना सापडला की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. “माझ्या आईवडिलांच्या वेळी तो तुकडा राहिला नव्हता,” ते म्हणाले, “पण धाक राहिला होता. आम्हा मुलांना कळू नये अशा गोष्टी ते दोघे वेल्शमध्ये बोलत. आमच्याशी मात्र इंग्रजीच.” त्यांची मुलगी आता वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते आणि ते तिच्या गृहपाठावरून भाषा शिकतात. बसमध्ये क्षणभर कोणी बोलले नाही. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिले, कारण मुलांच्या अभ्यासाचे घरी बोलायचे तर आम्हीही सोयीस्करपणे इंग्रजीवर जातो.

होलीहेडहून बससकट बोटीत बसून आम्ही सव्वातीन तासांत डब्लिनला उतरलो. आयर्लंडच्या हॉटेलांत बटाट्याचे इतके प्रकार ताटात आले की मुलांनी त्यांची मोजदाद ठेवली. पश्चिमेकडे जाताना त्याच बटाट्याची दुसरी कथा ऐकली. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशांतराला गेली. सर्वांत मोठा घाव आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिम भागावर बसला. त्या संध्याकाळी आईंनी ताटात काहीही टाकू दिले नाही.

बसमधले एक अमेरिकन गृहस्थ त्या दुष्काळात गेलेल्यांचेच वंशज. पणजोबांच्या गावाचे नाव त्यांनी कागदावर जपून आणले होते. परंतु कॉनेमारातल्या आयरिशभाषी भागात पाट्यांवरची इंग्रजी नावे नाहीशी होतात, केवळ आयरिश राहतात. गाव आले, बस थांबली, तरी ते आपले कागदावरचे इंग्रजी नाव पाटीवर शोधीतच होते. तेच हे गाव, असे चालकाने सांगितल्यावर ते उतरले आणि पाटीवरून हात फिरवीत उभे राहिले. रक्ताचे नाते दीड शतक टिकले होते, पण पाटी वाचण्यापुरती भाषा टिकली नव्हती.

रात्री जेवणाच्या टेबलावर वाद रंगला. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेनुसार आयरिश ही पहिली राजभाषा. शाळेत ती सर्वांना शिकवतात. तरीही २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज ती बोलणारे सुमारे ७२ हजारच निघाले. उलट वेल्सला स्वतंत्र राज्य नाही, तरी २०२१ मध्ये वेल्श येणारे ५ लाख ३८ हजार होते. तेथेही आकडा घसरतोच आहे, पण प्रार्थनामंदिरांनी, वेल्श शाळांनी आणि १९८२ साली झगडून मिळवलेल्या दूरचित्रवाहिनीने भाषेला रोजचे काम दिले. मार्गदर्शकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १८६५ मध्ये दीडशेएक वेल्श माणसे आपली भाषा जपता यावी म्हणून बोटीने दूर अर्जेंटिनात जाऊन वसली. तेथे ती आजही बोलली जाते. हे ऐकून माळव्यात पेशवाईपासून स्थिरावलेल्या आमच्यासारख्यांना ते लोक आप्तच वाटले. सरकारी मान्यता भाषेला सन्मान देते. तिला आयुष्य मात्र स्वयंपाकघर, शाळा आणि अंगण देते, असे आम्ही त्या रात्री एकमताने ठरवले.

बेलफास्टहून पुन्हा बोटीने स्कॉटलंडला आलो. उत्तरेकडच्या दऱ्या विलक्षण सुंदर आणि विलक्षण मोकळ्या. १७४६ च्या कलोडनच्या पराभवानंतर तेथील जुनी कुळव्यवस्था मोडली. पुढे मेंढ्यांच्या कुरणांसाठी जमीनदारांनी हजारो कुटुंबे उठवली, आणि त्यांच्यासह गेलिक भाषाही दऱ्यांतून उठली. नावे तेवढी मागे राहिली. ‘इन्व्हर्नेस’ म्हणजे नेस नदीचे मुख. वेल्समधला ‘आबेर’ आणि येथला ‘इन्व्हर’ यांचा अर्थ एकच, हे कळल्यावर मुलांना नकाशा म्हणजे कोड्यांचे पुस्तकच सापडले.

शेवटच्या रात्री एडिंबरोत, दहा वाजेपर्यंत न मावळणाऱ्या उजेडात, निरोपाचे जेवण झाले. प्रत्येकाने आपल्या भाषेत काहीतरी म्हणावे असे ठरले. आईंनी जात्यावरची एक ओवी म्हटली. अर्थ सांगायला चिरंजीव उभे राहिले, इंग्रजीत फर्डेपणाने सुरुवात केली आणि ‘जाते’ या शब्दाशी अडले. मग आजीकडे वळून त्यांनी मराठीत विचारले, “आजी, जातं म्हणजे नक्की कसं असतं गं? आपल्याकडे होतं का?” आई टेबलावर बोटाने दोन तळ्या काढून, खुंटा कुठे आणि दाणे कुठून घालायचे, ते समजावू लागल्या. चाळीस माणसे शांतपणे थांबली होती, आणि आजी-नातवाला त्याचे भान नव्हते.