चौघांनी वाहिलेली बाज



चिटगुप्प्यातल्या एका घरी आम्ही दर आठवड्याला प्रार्थनेला जातो. लेक अकरा वर्षांची. मान धरत नाही, घास गिळायला वेळ लागतो. आईने एकदा विचारले, "हे कोणाच्या पापाचं फळ?" योहान 9 मध्ये शिष्यांनीही हेच विचारले होते. प्रभू म्हणाला, ना त्याचे पाप, ना आईबापांचे.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा तान्हेपणी झालेली इजा. ती इजा वाढत नाही. पण रोजची हालचाल करून घेतली नाही तर स्नायू आखडतात. आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

मार्क 2 मध्ये पक्षाघाती माणसाची बाज चौघांनी वाहिली. आपल्या मंडळीतही चौघे हवेत. एकाने दवाखान्यात सोबत जावे. दुसऱ्याने फाईल सांभाळावी: जन्माचे कागद, फिटच्या तारखा, औषधे. कानडी अर्ज आईला वाचता येत नाहीत, ते भरून द्यावेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचे नाव आहे. यूडीआयडी कार्ड देशभर चालते. तिसरीने लेकीजवळ बसून आईला दुपारी झोपू द्यावे.

चौथा? "आमच्यामागं हिचं कोण?" असे बाप विचारतो. अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. पण तिच्या उशाशी बसणारे माणूस कायदा देत नाही. ते आपल्यातूनच उठावे, हीच आमची प्रार्थना. आमेन.