उशिरा उमगलेला शेजार

शासकीय सेवेत असताना १९८८ ते १९९१ अशी तीन वर्षे आम्ही देवासला होतो. टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे ‘भानुकुल’. आमची जीप त्या बाजूने नित्य जाई. ‘एकदा दर्शन घेऊन येऊ या,’ असे सौभाग्यवतींनी सुचवलेही होते. वसुलीचे दिवस आहेत, मार्चनंतर पाहू, असे आम्ही म्हणालो. पुढे बदली झाली आणि १२ जानेवारी १९९२ रोजी कुमारजी गेले.

निवृत्तीनंतर नातीने मोबाइलवर त्यांची निर्गुणी भजने लावून दिली आणि आम्ही थक्क झालो. १९४८ साली क्षयाने जर्जर होऊन ते देवासला आले, काही वर्षे गाणे बंदच होते आणि त्या सक्तीच्या मौनात ते माळव्यातली लोकगीते ऐकत राहिले, हेही आम्ही आताच वाचले. तीच गीते दौऱ्यांत आमच्याही कानांवर पडत. पण आम्ही फायलीतून मान वर केली नाही.

आता रोज पहाटे एक भजन ऐकतो. नवे काही गवसल्याचा आनंद या वयातही होतो, हे खरे. मात्र ‘मार्चनंतर पाहू’ असे जिला म्हणालो होतो, ती आता सोबत ऐकायला नाही.