खाडीपलीकडची टेकडी

नव्या मुंबईत राहणाऱ्याला डोंगर पाहायची हुक्की आली, की तो पूर्वेकडे तोंड करतो. तिकडे पारसिकची रांग, खारघरचा डोंगर, पावसाळ्यात कोसळणारा पांडवकडा. पश्चिमेला खाडी, तिवरांची झाडी आणि थंडीत येणारे रोहित पक्षी. त्यांच्यापलीकडे विक्रोळी-घाटकोपरच्या बुटक्या टेकड्या आहेत खऱ्या, पण त्यांच्याकडे मुद्दाम कोण पाहणार? मी मात्र वर्षभर त्यांच्याच नादी लागलो आहे. आमच्या सौ.च्या मते हे निवृत्तीनंतरचे ठरलेलेच लक्षण आहे.

नाद लागला तो एका विमानामुळे. १२ जुलै १९४९. भर आषाढ, ढग खाली उतरलेले, पावसाची झड. के.एल.एम. या डच कंपनीचे ‘फ्रानेकर’ नावाचे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान सकाळी सांताक्रूझला उतरू पाहत होते. धावपट्टी अगदी जवळ आली होती, आणि ते घाटकोपरच्या पावणेसातशे फुटांच्या टेकडीवर आदळले. आतल्या ४५ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

त्यांतले १३ जण अमेरिकन वृत्तसृष्टीतले होते. ते एक युद्ध पाहून परतत होते. इंडोनेशिया तेव्हा डचांशी स्वातंत्र्यासाठी लढत होता, आणि अमेरिकन लोकमत आपल्याकडे वळावे म्हणून डच सरकारने या मंडळींना निमंत्रण देऊन तिकडे नेले होते. एच. आर. निकरबॉकर त्यांतलेच. १९३१ चे पुलित्झर पारितोषिक मिळवलेला हा वार्ताहर ॲबिसीनियाच्या आणि स्पेनच्या रणधुमाळीतून सुखरूप बाहेर पडला, आणि संपला कोठे, तर आपल्या घाटकोपरात! बर्टन हीथ हे १९४० चे पुलित्झरवालेही त्याच विमानात होते.

डच विमान आपल्या आकाशात असणे हीच त्या काळी साधी गोष्ट नव्हती. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी इंडोनेशियन प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकार्ता घेतली, तेव्हा भारताने त्यांच्या विमानांना आपली दारे बंद केली होती. त्याआधीची एक हकिकत तर इकडे फारशी कोणाला ठाऊकच नाही. २९ जुलै १९४७ रोजी ओरिसाच्या बिजू पटनायकांचे एक डाकोटा सिंगापूरहून औषधे घेऊन योग्यकार्त्याला उतरत होते. डच लढाऊ विमानांनी ते पाडले. नऊ जणांपैकी आठ जण गेले. इंडोनेशियाचे हवाई दल तो दिवस आजही पाळते. युद्ध एकच, विमाने दोन. आपले तिकडे गोळ्यांनी पडले, त्यांचे इकडे पावसाने.

एका रविवारी वाशीहून गाडी पकडली, कुर्ल्याला बदलली आणि घाटकोपरला पश्चिमेकडे उतरलो. ज्या टेकड्यांवर तेव्हा रान होते, तेथे आता पायथ्यापासून माथ्यापर्यंत वस्ती आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते, अशा गल्ल्या. गल्लीतून पायऱ्या, पायऱ्यांवर पाण्याचे नळ आणि भरायला लावलेली पिंपे. दम खात खात वर चढलो. उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या एका आजींना विचारले,

“आजी, इथं कुठं विमान पडलं होतं म्हणतात?”

“कधी रं बाबा?”

“एकोणपन्नास साली.”

“तवा आमी साताऱ्याला हुतो. अन् इथं तर कुणीच नव्हतं म्हनत्यात.” मग सून आतून पाणी घेऊन आली, आणि आजींनीच मला उलट विचारले, “तुमचं कोन व्हतं का त्यात?”

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? नाही म्हणालो, आणि निकरबॉकरची गोष्ट सांगितली. परमुलखातली लढाई पाहायला गेलेली माणसे हे ऐकून आजींनी निवडलेले तांदूळ बाजूला सारले. “अन् त्यांच्या घरच्यास्नी कळवलं कुनी?” त्यांनी विचारले.

तेवढ्यात सांताक्रूझकडे उतरणारे एक विमान वस्तीवरून इतके खालून गेले, की ते जाईपर्यंत आम्ही दोघेही गप्प बसलो.