शिकवलं मीच होतं

दोन आठवडे झाले, ही पोस्ट लिहू की नको असं चाललं होतं. नाव, गल्ली काही सांगणार नाही. कोणी ओळखलंच तर कृपया कमेंटमध्ये लिहू नका, पोट्टं अजून कॉलेजात आहे.

बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढायची होती. पूर्वी याला प्राणी गणना म्हणायचे, आता 'निसर्ग अनुभव' म्हणतात. दुर्बिणीसाठी माझा एक जुना स्टँड आहे, त्याचे पाय चांदण्यात चकाकतात. म्हणून गच्चीवर तो रंगवायला घेतला. तेवढ्यात शेजारचा पोट्टा वर आला. "काका, काय करून राह्यले?" झालं, पत्रकाराला ऐकणारा मिळाला!

आधी पॉलिश पेपरने घासायचं, थिनरच्या चिंधीने तेलकटपणा पुसायचा. मग सगळ्या अंगावर मॅट खाकी. ऑइलपेंट चालत नाही, चमक मेली की अर्धं काम झालं. खाकी वाळली की कडुलिंबाची डहाळी त्यावर धरायची आणि वीतभर लांबून करड्या स्प्रेचा हलका फवारा मारायचा. डहाळी थोडी सरकवून तपकिरी. उचलली की खाली खाकी पानं उमटलेली दिसतात. हिरवा रंग हातात घ्यायचा नाही. बाजारात जंगलछाप पँट मिळतात हिरव्यागार, पण मे महिन्याच्या मेळघाटात हिरवं काय असतं? साग उघडा आणि खाली पाचोळा. चितळाला केशरी आणि हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून एवढा मोठा वाघ गवतात लपतो. पाखरांचं उलटं. त्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, तिथं रंगापेक्षा न हलणं महत्त्वाचं. हेही सांगितलं. फारच चांगलं शिकवलं मी.

आठ दिवसांनी त्याची रील आली. संत्र्याचा बगीचा, पहाटेचा उजेड, दणदणीत गाणं आणि हातात छर्र्याची बंदूक. बंदुकीवर माझ्याच कडुलिंबाची पानं. शेवटी पाय धरून उलटी लटकवलेली दोन तितरं.

त्याच्या वडिलांकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, तितरच तं हायेत. वाघ थोडीच मारला पोट्ट्यानं. अन् आपल्या आज्यापंज्यानं काय कमी मारले?"

आज्यापंज्याचं खरं आहे. आपलं परतवाडा म्हणजे इंग्रजांची छावणी. पण १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७४ ला मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, त्यालाही आता पन्नास वर्षं उलटली. कायद्याच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फास लावणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं, सगळंच शिकार आहे. जंगलाबाहेर शेतातल्या तितरासाठीसुद्धा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घोळ असा की ठरावीक ताकदीच्या आतल्या छर्र्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. मग घरच्यांना ते खेळणंच वाटतं. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये 'एअरगन सरेंडर अभियान' सुरू झालं, लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. आपल्याकडे रंगवणं चालू आहे.

आणि प्रश्न तितरावर थांबत नाही. आपल्या मेळघाटात रानपिंगळा आहे. शंभरावर वर्षं तो कोणाला दिसला नव्हता, संपला असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर आपल्याकडेही दिसला. घुबडाच्या जातीचा असून तो भरदिवसा उघड्या फांदीवर बसतो. बंदूक हातात असलेल्या पोराला याहून सोपं निशाण कोणतं?

आता माझं सांगतो. ही बातमी मी केली नाही. फासेपारध्याच्या झोळीत दोन तितरं सापडली तेव्हा मात्र केली होती, फोटोसकट, 'शिकारी जेरबंद' अशा मथळ्याची. तेव्हा त्याच्या दारी जाऊन बापाशी बोलायचं मला सुचलं नव्हतं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने त्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला गेला. माझ्या मथळ्यातून गेला नव्हता. गल्लीतल्या पोराची ती हौस आणि त्याचा तो गुन्हा. हा हिशेब कोणी विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही.

पोट्टा परवा स्वतःच बंदूक आणि पॉलिश पेपर घेऊन गच्चीवर आला. म्हणाला, "काका, तुमचा स्टँड रंगवला तं चालते, माही बंदूक नाही चालत?" मी म्हटलं, स्टँडमधून छर्रा निघत नाही. तो हसला नाही, मीही नाही. दोन संध्याकाळी घासत बसला. नळीवरचा रंग निघाला, लाकडी दस्त्याच्या खाचांमध्ये खाकी राहिलाच. बंदूक अजून त्यांच्या घरी कपाटावर आहे. वडील म्हणतात, पैसे मोजून घेतली आहे.

रील त्याने काढली, पण गावातल्या दोन-तीन ग्रुपवर फिरतेच आहे. तुमच्याकडे आली असेल तर पुढे पाठवू नका. आणि बगीच्यात, नाल्याकाठी कोणी बंदूक घेऊन दिसलं तर वनविभागाचा १९२६ लावा. माझ्या गल्लीतला असला तरी.