रेडिओ बहिरा नव्हता!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं, सांभाळून घ्या!

आमच्या क्लबच्या हॅम रेडिओवर 40 मीटर बँडला नुसती खरखर. 'सेट बहिरा झालाय, भंगारात द्या,' असं सगळ्यांचं मत. सर एवढंच म्हणाले, 'आधी मोजा.'

अँटेना काढली, ॲटेन्युएटरमधून सिग्नल जनरेटर जोडला आणि सिग्नल कमी कमी करत नेला. 0.2 मायक्रोव्होल्टलाही बारीक शिट्टी ऐकू येत होती. एका व्होल्टचे 50 लाख तुकडे करा, त्यातला एक! सेट ठणठणीत होता.

मग घोडं अडलं कुठे? अँटेना परत लावताच एस-मीटर 7 वर. एस-9 म्हणजे 50 मायक्रोव्होल्ट, खाली दर पायरीला निम्मे. म्हणजे एस-7 ला साडेबारा. शिट्टीच्या साठपट कल्ला!

सेट बॅटरीवर घेतला आणि हॉस्टेलच्या एकेका मजल्याचा मेन स्विच बंद केला. (शिव्याही खाल्ल्या!) काटा 3 वर आला. चोर सापडले: स्वस्त चार्जर आणि एलईडी दिवे. त्यांच्या वायरींना फेराइटच्या रिंगा घातल्या, अँटेना भिंतीपासून लांब नेली. रात्री बंगळुरू स्वच्छ ऐकू आलं.

2001 च्या भुज भूकंपात फोन मेले, तेव्हा हॅम मंडळींनी निरोप पोचवले. उद्या आपल्या पनवेलवर तशी वेळ आली तर कुणाची तरी क्षीण हाक आपल्यापर्यंत पोचायला हवी. तेव्हा मित्रांनो, समोरच्याला बहिरा ठरवण्याआधी आपला गोंगाट मोजा!