बेलीफचं घर

बेलीफ म्हटलं की आपल्याकडं कोर्टाचा माणूस आठवतो, जप्ती घेऊन दारात येणारा. पण इंग्लंडात ससेक्स परगण्यातल्या सिंगलटन गावी जुन्या घरांचं एक उघड्यावरचं संग्रहालय आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घराचं हे नाव. लेक तिकडं राहते, तिनं नेलं म्हणून पाहायला मिळालं.

घर सहाशे वर्षांचं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं, आणि एक बाजू १५१०च्या सुमारास वाढवलेली. सगळा भार लाकडाच्या सांगाड्यावर, भिंती नुसत्या आडोशाला. लाकूड ओकचं. ते ओलं असतानाच तासायचं, कारण एकदा वाळलं की हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं आणि आरपार लाकडाचीच खुंटी ठोकायची. खांबांमधली जागा कशी भरलीय ते पाहून तर मला हसूच आलं. ओकच्या उभ्या काठ्या, त्यात हेझल नावाच्या झाडाचे फोक विणलेले, आणि वरून माती, शेण, काड कालवून लिंपलेलं. मी म्हणालो, "अगं, हा तर आपला कूड!"

मधलं दालन जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळं. मधोमध जमिनीवर जाळ करायची जागा. धुराडं नाही, धूर वर चढून छपरातून वाट काढणार. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि झडपा. एका टोकाला दोन खोल्या, एक पेयं ठेवायला, दुसरी खाण्याच्या जिनसांना. दुसऱ्या टोकाला घरधन्याची खोली आणि वर माडी. धन्याचं जेवायचं मेज त्याच वरच्या टोकाला. कोणी कुठं बसायचं हे घर बांधतानाच ठरलेलं, आपल्या सोप्या-माजघरासारखं.

जवळच एक कोठार आहे, काउफोल्ड गावाहून आणलेलं, १५३६ सालचं. अशा कोठारांची रीत मोठी शहाणपणाची. मधल्या खणात खळं, त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारं, आणि बाजूच्या खणांत पेंढ्यांची थप्पी. हिवाळाभर आत बसून दांडक्यांनी झोडपून मळणी करायची. दोन्ही दारं उघडली की वारं आरपार, त्यात उपणायचं. आपली रब्बीची सुगी कोरड्या दिवसांत, म्हणून आपण खळं उघड्यावर घालतो. त्यांना पावसाचा भरवसा नाही, म्हणून त्यांनी खळ्यावरच छप्पर घातलं.

आता मुख्य गोष्ट. हे घर मुळात इथलं नाहीच. ते केंट परगण्यात चिडिंगस्टोनजवळ होतं. तिथं बाउ बीचचा तलाव व्हायचा होता आणि घराची जागा पाण्यात जाणार होती. पाणी कंपनीनं घर संग्रहालयाला देऊन टाकलं. १९६८-६९ साली ते उतरवलं आणि इथं आणून पुन्हा उभं केलं. तिकडचे जुने सुतार घराचा सांगाडा आधी आडवा जुळवून बघत, सांध्यांवर रोमन आकड्यांच्या खुणा कोरत, मग सुटा करून जागेवर नेत. जे घर सुटं करून आणलं, ते सुटं करून नेताही येतं.

हे ऐकून मी तिथल्या बाकावर गप्प बसलो. त्याच सुमारास आमचं गाव धरणात गेलं. आमच्याही घराला कुसं होती, खुंट्या होत्या. तुळया उतरवल्या, पण खुणा कोणी केल्या नाहीत. नव्या गावठाणात मिळालेल्या जागेत ते घर मावतच नव्हतं. तुळया जळणाच्या भावानं गेल्या. भरपाईच्या कागदावर अख्ख्या घराची एक ओळ होती.

लेकीनं विचारलं, "आबा, आपलं घर कसं होतं?" तिचा जन्म नव्या गावठाणातला. तिथंच बसून सांगितलं. ती म्हणाली, "लिहून ठेवा." म्हणून लिहितो.

दार पूर्वेला, मोठ्या दाराला दिंडी. पाच खणांचा सोपा. माजघराच्या भिंतीत बळद, त्यात जोंधळा. चुलीच्या वर धाब्याला सवणं. गोठ्याच्या मेढी बाभळीच्या, दावणीला चार बैल. खळं घरामागं, पश्चिमेचं वारं लागेल असं.