हार्लेममधलं सेंट फिलिप्स

ती. मामांस,


चर्चला भाड्यानं द्यायच्या इमारती कशाला हव्यात, असं तुम्ही विचारलंत. न्यूयॉर्कच्या सेंट फिलिप्सपुरतं सांगते, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

ट्रिनिटी या बड्या एपिस्कोपल चर्चमधले कृष्णवर्णीय उपासक १८०९ पासून वेगळे जमू लागले. दहा वर्षांनी दक्षिण मॅनहॅटनमध्ये कलेक्ट स्ट्रीटवर त्यांचं लाकडी चर्च उभं राहिलं, तेच सेंट फिलिप्स. ते १८२१ मध्ये जळालं, तेव्हा लगेच विटांचं बांधलं. १८३४ च्या जुलैत गुलामगिरीच्या विरोधकांवर दंगेखोर चालून गेले, त्यात या चर्चचीही नासधूस झाली. धर्मगुरू पीटर विल्यम्स यांनी गोऱ्या-काळ्यांचं लग्न लावल्याची अफवा उठली होती. पण दंगेखोरांपेक्षा मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. विल्यम्स यांच्याच बिशपनी त्यांना गुलामगिरीविरोधी संस्थेचं पद सोडायला लावलं. धर्मप्रांताच्या सभेत या चर्चच्या प्रतिनिधींना जागा मिळायला तर १८५३ उजाडलं!

मग मलबेरी स्ट्रीट, मग पंचविसावा रस्ता. वस्ती उत्तरेकडे सरकली की चर्चही तिच्यामागे जाई. शेवटी हार्लेम. तिथल्या कित्येक इमारतींत काळ्या माणसाला खोली मिळत नसे. रेव्हरंड हचिन्स बिशप (हे आडनाव, पद नव्हे) यांच्या काळात, १९११ मध्ये, चर्चनं १३५ व्या रस्त्यावरची इमारतींची अख्खी रांग ६,४०,००० डॉलरना विकत घेतली आणि ती कृष्णवर्णीय भाडेकरूंना खुली केली. मालकच आपला असल्यावर दारावरून परत कोण पाठवणार? मामा, मला तर ही खरेदी उपासनेइतकीच धर्माची वाटते. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाला आसपास राहायलाच मिळालं नाही, तर चर्च भरणार कुणाच्या जिवावर?

आता तुमच्या आवडीचं, वास्तुरचनेचं. १३४ व्या रस्त्यावरचं आजचं चर्च त्याच सुमाराला बांधून झालं. गॉथिक वळणाचं, विटांचं. वास्तुकार व्हर्टनर टँडी आणि जॉर्ज फॉस्टर, दोघेही कृष्णवर्णीय. टँडी हे न्यूयॉर्क राज्यात परवाना मिळालेले पहिले कृष्णवर्णीय वास्तुकार. पुढे उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांचा हडसनकाठचा प्रासादही त्यांनीच रचला. शहरानं १९९३ मध्ये या चर्चला वारसावास्तूचा दर्जा दिला. विटांच्या कामाचे फोटो सवडीनं काढून पाठवते.

मामींना नमस्कार.

तुमची भाची